भूमिती श्रेढी: दहाव्या पदात घात नऊच का?

प्रश्न
३, ६, १२, २४… या भूमिती श्रेढीचे दहावे पद काढताना मी ३ला २च्या दहाव्या घाताने गुणले आणि ३०७२ लिहिले; पुस्तकातील उत्तर मात्र १५३६ आहे. सूत्रात घात (न − १) असतो हे पाठ आहे, पण एक कमी का होतो ते उमगत नाही. शिवाय बेरजेच्या सूत्रात छेदस्थानी (र − १) कोठून येतो, हेही कृपया सांगावे (र म्हणजे गुणोत्तर, ज्याने एका पदाला गुणले की पुढचे पद मिळते).

पहिले उत्तर
घात पदे मोजत नाही, गुणाकार मोजतो. पहिले पद दिलेलेच असते, त्यासाठी एकही गुणाकार लागत नाही. दुसऱ्यासाठी एक, तिसऱ्यासाठी दोन, म्हणून दहाव्यासाठी नऊ. दहा खांबांत गाळे नऊच असतात. २चा नववा घात ५१२ आणि त्याची तिप्पट १५३६. आपले ३०७२ हे अकरावे पद आहे. ते खोडू नका, बेरजेला लागेल.

दुसरे उत्तर
लागेल खरेच. दहा पदांची बेरीज ब माना. प्रत्येक पदाची दुप्पट म्हणजे पुढचे पद, त्यामुळे २ब ही ६ पासून ३०७२ पर्यंतची बेरीज होते; तीतून ब वजा करताना मधली नऊ पदे उडून जातात आणि ब = ३०७२ − ३ = ३०६९ उरते. येथे गुणोत्तर २ असल्याने छेद १ होतो व दिसतच नाही. त्याऐवजी ३, ९, २७ घ्या: ३ब − ब, म्हणजे २ब = ८१ − ३ = ७८, म्हणून ब = ३९. ज्या २ने आपण भागले, तोच (र − १). गुणोत्तर १ असेल तेव्हा अर्थातच ही युक्ती लागू पडत नाही. तेथे पहिल्या पदाला पदसंख्येने गुणावे.

तिसरे उत्तर
भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज दुप्पट, असे महिनाभर दान करणाऱ्याचे उदाहरण आहे. वरील रीतीने एकतिसाव्या पदातून पहिले वजा केले की २,१४,७४,८३,६४६ कवड्या येतात. मला अधिक आवडते ती २चा तिसावा घात काढण्याची त्यांची रीत: संख्या सम असल्यास निम्मी करून 'वर्ग' लिहावे, विषम असल्यास एक वजा करून 'गुण' लिहावे, आणि शून्य आल्यावर १पासून आरंभ करून त्याच क्रिया उलट क्रमाने कराव्यात. २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १,०७,३७,४१,८२४: आठ पायऱ्यांत काम होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ५, १५, ४५… या श्रेढीच्या सहा पदांवर पडताळून पाहिले: सातवे पद ३६४५, त्यातून ५ वजा करून २ने भागल्यावर १८२० आले, आणि सहाही पदे एकेक करून मिळवली तरी तेवढेच आले.