नोकरी, चाकरी, सेवा: कुठे कोणता शब्द?

प्रश्न: मराठी शिकणारे हमखास विचारतात, 'नोकर' म्हणजे घरगडी, मग 'नोकरी' मानाची कशी? शिवाय नोकरीला, नोकरीवर, नोकरीत यांतला फरक कसा समजवायचा? आणि सरकारी कागदांत 'सेवा' का?

उत्तर १: 'नोकर' फारसीतून आला, पण मूळ मंगोल. तिथे 'नोकोर' म्हणजे सोबती, सरदाराचा साथीदार. घरगड्याचा अर्थ नंतर चिकटला, तोही माणसाला; कामाच्या नावाला नाही. म्हणून पगारदार माणसाला 'नोकरदार' म्हणावं. 'नोकरवर्ग' मात्र चालतो.

उत्तर २: प्रत्यय क्रियापदावर ठरतो, म्हणून जोडीनेच पाठ करून घ्या. नोकरीला लागणे, असणे, ठेवणे. नोकरीवर रुजू होणे, नोकरीवरून काढणे. नोकरीत कायम होणे, बढती मिळणे.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे 'माझी नोकरी शिक्षक आहे'. मराठीत हुद्द्याला षष्ठी लागते: 'मी शिक्षकाची नोकरी करतो', किंवा सरळ 'मी शिक्षक आहे'. तसंच 'हे करणं माझी नोकरी नाही' असं कोणी म्हणत नाही. तिथे 'माझं काम नाही'. नोकरीत महिन्याचा बांधलेला पगार गृहीत असतो. दिवसावर पैसे मिळाले तर ती रोजंदारी, सगळ्या कामाची रक्कम आधीच ठरली तर ते उक्तं काम. (आणि हा 'पगार' पोर्तुगीजांकडून आलेला, बरं का!)

उत्तर ३: सरकारी भाषेत सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती असे समास बनतात, 'नोकरीपुस्तक' कानाला खटकतं. अनुभवाच्या दाखल्यातही 'अमुक तारखेपासून सेवेत होते' असंच लिहा.

इथे एका शब्दाने माणसाचं नुकसान होऊ शकतं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फ करणे' या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीनंतर पुन्हा सरकारी नोकरी मिळायला आडकाठी नाही; बडतर्फ झालेला माणूस सर्वसाधारणपणे त्यासाठी अपात्र ठरतो. निलंबन तर या दोन्हींहून निराळं, त्यात नोकरी जात नाही. बातम्यांत हे शब्द सर्रास अदलाबदलीने येतात, ते थांबायला हवं.

उत्तर ४: 'चाकरी' राहिली. पगारी कामासाठी आता तो शब्द कमीपणाचा वाटतो, पण आजाऱ्याची सेवाचाकरी म्हटलं की त्यात माया येते. आणि कोकणातून मुंबईला नोकरीला गेलेला माणूस गावी आजही 'चाकरमानी'च. तिथे 'नोकरदार' म्हणून पाहा, परक्यासारखं वाटतं.