दोन इंच बर्फावर हसणाऱ्यांनो, जरा ऐका

पीचट्री पेठ
काल 'उणे तीस' यांनी लिहिलेलं आधी देते: "अटलांटाकडच्या एका मंडळाने दोन इंच बर्फाच्या भीतीने संक्रांतीचं हळदीकुंकू रद्द केलं म्हणे. एवढ्या बर्फात आमच्या मिनियापोलिसला पोरं हाफ पँटवर कचरा टाकून येतात." त्याखाली वीस-पंचवीस जणांनी दात काढलेत. गप्प बसणार होते. पण भांडी घासतानाही तेच डोक्यात, म्हणून आता सगळं वाचा.

एक म्हणजे शनिवारी पडला तो तुमचा बर्फ नव्हता. मराठीत भुसभुशीत पडतो तोही बर्फ आणि रस्त्यावर काच होते तीही बर्फ, घोटाळा तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पायथ्याला थंड हवा जमिनीलगत तुंबून बसते, वरून मेक्सिकोच्या आखाताकडची दमट उबदार हवा सरकते, आणि पाऊस पडतो. साधा पाऊस. झाडाला, तारेला, पुलाला टेकला की गोठतो. फावड्याने उचलायला काही नसतंच.

मीठ टाका म्हणणाऱ्यांनो, खारं पाणी आदल्या दिवशी फवारतात हो. पण सुरुवात पावसाने झाली की ते गटारात जातं. २०२२ च्या जानेवारीत व्हर्जिनियात आय-९५ महामार्गावर हाच पेच पडला. आधी पाऊस येणार म्हणून फवारणीच केली नव्हती, आणि सिनेटर टिम केन यांच्यासकट शेकडो लोक रात्रभर गाडीत. केन २७ तास.

आणि थंडीचं गणित तुम्हाला उलटं वाटेल. उणे वीसचा बर्फ कोरडाठाक असतो, टायर त्याला थोडंफार धरतो. आमचा शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पापुद्रा. साबण सांडलेल्या मोरीत चालून बघा.

राहिली २०१४ ची गोष्ट. २८ जानेवारी, मंगळवार, अटलांटाच्या विमानतळावर बर्फाची नोंद २.६ इंच. दुपारी शाळा, कचेऱ्या, सरकार सगळं जवळजवळ एकदम सुटलं. चाकांखाली बर्फ वितळला, परत गोठला, ट्रक आडवे झाले, आणि मिठाच्या गाड्या त्याच गर्दीत अडकल्या. आय-२८५ वर एका बाईचं बाळंतपण गाडीत झालं. मी साडेबाराला निघाले, घर नऊ मैल. रात्री साडेनऊला एका चढावर गाडी मागे मागे घसरायला लागली तेव्हा ती कडेच्या गवतात घातली आणि ऑफिसच्या चपट्या बुटांत तीन मैल चालले. लेक पहिलीत होती. तिच्या बसवाल्याने अर्ध्या वाटेतून पोरं परत शाळेत नेली, ती जिममध्ये कुस्तीच्या गाद्यांवर झोपली. सकाळी त्यांच्या बाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते मी.

तर हाफ पँट तुम्हाला लखलाभ.

उणे तीस
विनोद होता. त्यावर प्रबंध आला, धन्यवाद.

पण तुमच्याच लिखाणात उत्तर आहे. घोळ बर्फाने नाही, सगळ्यांना एकाच वेळी सोडल्याने झाला. आमच्या मिनेसोटा राज्याकडे बर्फ सारणाऱ्या ८०० हून जास्त नांगर-गाड्या आहेत, त्यांना नावं देण्याची स्पर्धा होते, २०२१ ला 'प्लावी मॅकप्लाउफेस' जिंकलं. तुमच्याकडे बर्फ आला की लोक दूध-ब्रेड लुटतात आणि मग रस्त्यावर येऊन ब्रेकवर उभे राहतात. अंतर ठेवत नाहीत, उतारावर खालच्या गिअरला घेत नाहीत, क्रूझ कंट्रोल बंद करत नाहीत. २०१४ ला जे झालं त्यातून शिकलात काय?

पीचट्री पेठ
आदल्या दिवशीच रद्द करायचं, हे शिकलो! त्यावरच तर तुम्ही हसताय.

लोनस्टार नाना
पीचट्री ताईंना माझा पाठिंबा. ११ फेब्रुवारी २०२१, फोर्ट वर्थ, आय-३५डब्ल्यूच्या टोल लेन. पहाटेचा गोठणारा पाऊस, उंचावरचा रस्ता. खारं पाणी आधी मारलेलं होतं. १३३ गाड्या एकमेकांवर, ६ माणसं गेली. माझा शेजारी त्याच वाटेने जातो, त्या दिवशी मुलीचा डबा विसरला म्हणून दहा मिनिटं उशिरा निघाला.

पूल आधी का गोठतो हे इथल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही. खालूनही वारा लागतो, जमिनीची ऊब मिळत नाही. मागचा पाव मैल रस्ता नुसता ओला असतो, आणि तुम्ही साठच्या वेगाने त्या काचेवर जाता. तिथे मिनेसोटाचा अनुभव काय करणार? उभ्या बर्फाला माणूस बिचकतो तरी. ही काच दिसतच नाही.

चौकस चारचाकी
मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो. माझ्याकडे ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, इंजिनचा जोर चारही चाकांना. मी शनिवारी आरामात गेलो असतो. लहान गाड्यावाल्यांसाठी सगळ्यांनी घरी बसायचं हे पटत नाही.

माँट्रियलची मावशी
बाळा, ऑल-व्हील सुटायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्यांच्याच गाडीला चारही चाकांना असतात.

सगळा खेळ टायरचा. सात अंशांखाली उन्हाळ्याच्या टायरचं रबर कडक होत जातं. आमच्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे, बाजूवर डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह लागतं. आणि एक सांगू? गोठलेल्या पावसात त्या टायरवरही मी गाडी काढत नाही. ३१ हिवाळे झाले मला इथे.

उणे तीस
मावशी, तुम्ही आमच्या बाजूने बोलाल वाटलं होतं.

माँट्रियलची मावशी
मी टायरच्या बाजूने आहे.

लोकलवाला डोंबिवली
सगळे टायरवर का भांडताय? २०१४ ला अटलांटाच्या 'मार्टा' या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या रेल्वेगाड्या चालू होत्या! शेजारच्या कॉब काउंटीने १९६५ मध्ये मार्टा नको म्हटलं, ग्विनेटने १९७१ मध्ये, आणि २०१९ ला मत घेतलं तर ग्विनेट परत नकोच. मग बसा नऊ मैलांना नऊ तास. आमच्याकडे २६ जुलैलाही लोक रुळांवरून चालत का होईना घरी पोचले.

पंचवीस डॉलर
मी त्याच मंडळाची सभासद. रद्द केलं, ठीक. तिकिटाचे २५ डॉलर कुठे आहेत? माणशी २५, आम्ही चौघं. बर्फ वितळला, ईमेलला उत्तर नाही.

गुळपोळी खातं
मी कार्यकारिणीत आहे, इथे लिहिणार नव्हते. हॉलवाल्यांनी अनामत परत दिलेली नाही. २४० गुळपोळ्या शुक्रवारीच लाटून झाल्या होत्या. आम्ही फुकट राबतो, ताई. तीन रात्री.

पंचवीस डॉलर
राबता त्याबद्दल आभार, दर वर्षी मानते. पण मग २४० गुळपोळ्या गेल्या कुठे?

गुळपोळी खातं
रविवारी सकाळी माझ्या गॅरेजमधून न्यायला सांगितलं होतं की सगळ्यांना. व्हॉट्सअ‍ॅपवर. ज्यांनी नेल्या त्यांनी नेल्या.

उणे तीस
थांबा थांबा.

शनिवारी रस्ता धोक्याचा म्हणून हळदीकुंकू रद्द. आणि रविवारी सकाळी, रात्रभर गोठलेल्या त्याच रस्त्यावरून, दीडशे माणसं गुळपोळ्या न्यायला बोलावली?

पीचट्री पेठ
तो निर्णय माझा नव्हता.

उणे तीस
तुम्ही गेला होतात का?

पीचट्री पेठ
…अकरा वाजता. ऊन आलं होतं.

लोनस्टार नाना
ताई!! ऊन आल्यावर सावलीतला पट्टा सगळ्यात वाईट. पाइन झाडांखाली दुपारपर्यंत काच तशीच असते.

पीचट्री पेठ
माहीत आहे, नाना. सासूबाईंना गुळपोळी हवी होती. खालच्या गिअरमध्ये गेले, दोन मैलांना वीस मिनिटं. बरं, चुकलं माझं. पण म्हणून शनिवारचा निर्णय चुकीचा ठरत नाही, रविवारचा ठरतो.

पंचवीस डॉलर
म्हणजे पोळ्या वाटायला रस्ता चांगला, पैसे परत द्यायला मात्र वादळ. आणि आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या त्या गटात नाही, कारण गेल्या गणपतीत हिशोब विचारला म्हणून काढलं. आता सगळ्यांसमोर विचारते, गणपतीच्या वर्गणीतले किती उरले?

गुळपोळी खातं
काढलं नव्हतं, तुम्ही स्वतः बाहेर पडलात. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. आणि वर्गणी भरायच्या वेळी मात्र ईमेल पोचत नाही तुम्हाला!

पंचवीस डॉलर
टाका स्क्रीनशॉट. टाकाच.

माँट्रियलची मावशी
अगं मुलींनो, तिळगूळ घ्या.

कोथरूड ते केलाँग
पुण्यातून वाचतोय. तुमचं बरंय, मीठ तरी मिळतं. आम्ही डिसेंबरात मनालीहून भाड्याच्या गाडीने सोलंगच्या पुढे गेलो. अटल बोगद्याच्या अलीकडे सगळं पांढरं. मी घाटात वीस वर्षं चालवलीय, वरंधा पावसाळ्यात केलाय, म्हटलं हे काय. पहिल्याच उतारावर ब्रेक दाबला, गाडीने माझं ऐकणंच सोडलं. एका टॅक्सीवाल्याने हात करून थांबवलं, चाकांना साखळ्या बांधून दिल्या, १५०० रुपये घेतले. वर म्हणाला, "साहब, ब्रेक को भूल जाओ." रात्री नऊ तास गाडीत काढले, हीटर चालू ठेवून.

लोनस्टार नाना
हीटर चालू ठेवून नऊ तास? सायलेन्सरचं तोंड मोकळं करत होता का अधूनमधून? २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरीला पर्यटक असेच गाड्यांत अडकले, वीसहून जास्त माणसं गेली. धुराड्यावर बर्फ साचला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, वास नाही, रंग नाही, झोप लागते. तासातली दहा मिनिटं इंजिन, काच बोटभर उघडी, आणि उतरून नळीपुढचा बर्फ बाजूला. एवढं करायचंच.

कोथरूड ते केलाँग
नव्हतो करत. बायकोला हे वाचून दाखवत नाही.

चौकस चारचाकी
मूळ मुद्द्याकडे येऊ या का? माझं म्हणणं अजून तेच. चांगली गाडी आणि आत्मविश्वास असेल तर दक्षिणेतही काही अडत नाही.

गुळपोळी खातं
लिहिणार नव्हते, पण आता लिहितेच. रविवारी सकाळी सव्वाआठला, आमच्या उतारावर, माझा मेलबॉक्स कोणाच्या ऑल-व्हीलने पाडला?

उणे तीस
🙂

माँट्रियलची मावशी
सव्वाआठला? पोळ्यांसाठी?

चौकस चारचाकी
पंधराच्या वेगाने होतो. ब्रेक दाबला, एबीएसने (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) कडकड केलं, मी घाबरून पाय काढला.

उणे तीस
काढायचा नाही. कडकडला की समजायचं ते त्याचं काम करतंय. दाबून धरायचा आणि जिथे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग धरायचं. हे मात्र चेष्टेत नाही सांगत. मी पहिल्या वर्षी असाच एका चर्चच्या कुंपणात गेलो होतो, आणि पहिल्या बर्फाला आमच्याकडेही दर वर्षी लोक खंदकात असतात. मला कळायला तीन हिवाळे लागले. तुम्हाला वर्षातून दोन दिवस मिळतात, त्यात कोण काय शिकणार.

पीचट्री पेठ
हे कालच्या वाक्याखाली पण लिहा. तिथे पंचवीस दात अजून दिसतायत.

उणे तीस
बघतो. मंडळाचा रविवारचा निर्णय मात्र मी जन्मभर सांगणार.

पंचवीस डॉलर
आणि माझे १००?

गुळपोळी खातं
मेलबॉक्सचे पैसे आले की देते. नवा ६० डॉलरला आहे, खांब वेगळा.

चौकस चारचाकी
तो आधीच कललेला होता.