घरचे सोलर पॅनल दर आठवड्याला धुवायलाच हवेत का?

संभाजीनगरकर (धागाकर्ता):
फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, आणि आमच्या भागात घराआड एका गच्चीवर पॅनल दिसू लागले. चांगलंच झालं. पण आता रविवार उजाडला की गच्चीगच्चीवर पाइप लावून धुणं सुरू. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथे हे चाललंय.

माझ्या मते हे थांबलं पाहिजे. तीन किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण बारा युनिट देतो. बारीक धुळीने त्यातले पाच टक्के खाल्ले असं धरलं तरी जातं अर्धं-पाऊण युनिट. तेवढ्यासाठी टँकरचं पाणी ओतायचं?

आणि एप्रिल-मेमध्ये दिवसाच्या युनिटचा आकडा पडला की सगळे धुळीलाच धरतात. भर उन्हात पॅनल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं. पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के ताकद कमी होते, म्हणजे साधारण दहा ते सोळा टक्के नुसत्या उष्णतेनेच गेले. दुपारी पाणी मारलं की पॅनल गार होतं, ॲपवरचा आकडा चढतो आणि लोक म्हणतात, बघा, धुतल्याबरोबर फरक पडला! थोड्या वेळाने पॅनल तापलं की चढलेला आकडा बराचसा खाली येतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात हातही लावू नका.

चंद्रपूरकर:
उष्णतेचा मुद्दा मान्य, बाकी सगळं अमान्य. पाच टक्के हा आकडा तुमच्या गच्चीचा असेल. आमच्याकडे औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, दिवसरात्र ट्रक चालतात. सकाळी पॅनलवर बोट फिरवलं तर बोट काळं होतं, आणि ती पूड दवाने काचेला चिकटून बसते. वाऱ्याने उडून जात नाही. आम्ही महिनाभर थांबलो तर पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टरच सांगतो काय झालं ते. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत आठवड्याला धुतल्याशिवाय इथे भागत नाही. मराठवाड्याचं पाणी वाचावं हे पटतं, पण तो नियम सगळ्या महाराष्ट्राला लावू नका.

कोथरूडची:
धूळ सोडा हो, कबुतरांचं बोला! पॅनलखाली घरटी, वर शिटून ठेवलेलं. धूळ सगळीकडे सारखी पसरते, त्यामुळे सगळीकडून थोडं थोडं कमी होतं. शीट एकाच सेलवर, म्हणजे पॅनलमधल्या एका छोट्या चौकोनावर बसते. पॅनलमधले सेल मालिकेत, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, झाकलेला सेल वीज देण्याऐवजी स्वतःच तापायला लागतो. त्याला वाचवायला पॅनलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात, ते चालू झाले की त्या सेलबरोबर पॅनलचा मोठा भाग बाजूला पडतो. आणि पुन्हा पुन्हा तापून त्या जागी पिवळट-तपकिरी डाग पडला की पॅनल गेलं. म्हणून माझं म्हणणं, महिना-आठवडा कशाला मोजता? शीट दिसली की त्याच दिवशी तेवढी जागा भिजवून पुसायची. वाळलेली खरवडायची नाही, काचेवर ओरखडे पडतात. आणि पॅनलच्या चारी बाजूंनी जाळी मारून घ्या, निम्मं काम तिथेच संपतं.

सोलर फिटर, अहिल्यानगर:
ताई बरोबर बोलल्या. मी रोज गच्च्यांवरच असतो, त्यामुळे धुळीपेक्षा धुण्याने केलेलं नुकसान जास्त बघतो. बोअरचं पाणी मारून तसंच वाळू देतात. वर्षभरात काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो मग कशानेच नीट निघत नाही. काही जण पॅनलवर पाय देऊन चढतात. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला केसासारखे तडे जातात, वरून दिसतसुद्धा नाहीत. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी तर अजिबात नको, काच तडकू शकते.

सूर्य वर यायच्या आत धुवा. मऊ मॉप, साधं पाणी, शेवटी वायपरने पाणी ओढून घ्या. धुण्याची पावडर नको. खालच्या कडेला चौकटीला लागून चिखलाची एक पट्टी साचते, पॅनल कमी उताराचं असेल तर हमखास. एखादी सर पडून गेली की ती अजून जाड होते. सगळं पॅनल चकचकीत आणि ती पट्टी तशीच, असं फार घरी बघतो. ती आधी काढा.

नवी मुंबई:
पाण्याची अडचण असेल तर आरओचं वाया जाणारं पाणी वापरा की. आम्ही तेच साठवतो.

सोलर फिटर, अहिल्यानगर:
साहेब, ते नका वापरू. आरओने गाळून बाजूला काढलेले क्षार सगळे त्याच पाण्यात असतात, बोअरपेक्षा वाईट. एसीच्या नळीतून गळणारं पाणी साठवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाचं धरून ठेवलेलं असेल तर उत्तमच.

नाशिकची लेक:
सगळे पाण्यावर आणि युनिटवर बोलताय, माणसावर कोणी बोलत नाही. आमच्या बाबांनी खाली कपडे वाळत घालता यावेत म्हणून पॅनलखाली दहा फुटी स्ट्रक्चर घेतलं. वय सत्तरीच्या पुढे, आणि पहाटे एकटे शिडी लावून वर. शेवाळलेली फरशी, हातात ओला मॉप, बाजूला कमरेइतकाच कठडा. वर सहा पॅनल मालिकेत म्हणजे दोनशे-अडीचशे व्होल्टचा डीसी. मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर वायरीत दाब असतोच. एखादं जोडणीचं टोक सैल असेल आणि त्यात पाणी गेलं तर? मला महिन्याला वीस युनिट कमी चालतील. योजनेत पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याकडे असते, पण बहुतेक जण धूळ पुसणं त्यात धरत नाहीत. करार करतानाच ते लिहून घ्या, नाहीतर पैसे देऊन माणूस बोलवा. आईवडिलांना वर चढू देऊ नका.

संभाजीनगरकर (धागाकर्ता):
ताई, हे तर मीही ठासून सांगेन. कबुतरांचंही मान्य, शिटेला महिनाभर थांबायचं नाही.

पण चंद्रपूरकर, सवय म्हणून धुण्याला माझा विरोध कायम आहे. ज्यांची वीज कंपनीला दिलेली युनिट वर्षाच्या हिशोबात मार्चअखेर शिल्लक राहतात, त्यांना त्या जादा युनिटचा दर फार कमी मिळतो. त्यांनी आठवड्याला धुऊन काय साधलं? गरज आहे की नाही हे तपासता येतं. शेजारी तेवढ्याच क्षमतेचा, त्याच दिशेचा संच असेल तर निरभ्र दिवसांची दोघांची युनिट लिहून ठेवा. मग एकाने धुवा, दुसऱ्याने धुऊ नका. आणि पुन्हा लिहा. दोघांवर ऊन तेच, उष्णता तीच, त्यामुळे जो फरक वाढला तो धुळीचा.

चंद्रपूरकर:
ही रीत पटली. समोरच्या काकांचा संच आमच्याएवढाच आहे, दोघेही दक्षिणेकडे. काकांना विचारतो, पुढचे तीन आठवडे ते धुतील, मी नाही. आकडे इथेच टाकेन. पण दहा टक्क्यांच्या वर फरक निघाला तर तुमच्या त्या ‘महिन्यातून एकदा’पुढे ‘फक्त संभाजीनगरसाठी’ असं लिहायचं.

संभाजीनगरकर (धागाकर्ता):
लिहीन. काकांना सांगा, पाणी सकाळी सातच्या आत मारा.