सोसायटीच्या ग्रुपवर: कुंपणाजवळच्या झाडाची चार छायाचित्रे

ए-२०४ : सर्वांना नमस्कार. सी-६०१ मधील काकांनी काल ग्रुपवर पाठवलेली कुंपणाजवळच्या झाडाची चार छायाचित्रे आमच्या घरी सर्वांनी पुन्हा पुन्हा पाहिली. झाड तेच, खिडकीही तीच, तरीही एका चित्रासारखे दुसरे नाही, याचे आम्हाला फार आश्चर्य वाटले. पुढील महिन्यात आम्ही डोंगराळ भागात प्रवासाला जाणार आहोत आणि त्यापूर्वी एक चांगला कॅमेरा विकत घ्यावा, असा विचार चालू आहे. काका, अशी छायाचित्रे मोबाइलवर निघणे शक्य नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा नवशिक्याने कोणता कॅमेरा घ्यावा, ते कृपया सांगावे. सकाळी आणि सायंकाळी काढलेल्या चित्रांत तो सोनेरी रंग कसा येतो, हेही जाणून घ्यायला आवडेल.

सी-६०१ : नमस्कार. छायाचित्रे आपल्याला आवडली, याचा आनंद वाटला. त्या चारपैकी तीन छायाचित्रे मी मोबाइलवरच काढली आहेत. शेंड्यावर बसलेल्या पक्ष्याचे तेवढे कॅमेऱ्याने काढले, कारण एवढ्या दूरचा पक्षी चित्रात मोठा दिसायचा, तर लांब फोकल लेंथची लेन्स लागते. मोबाइलवर बोटांनी चित्र मोठे करत गेल्यास एका मर्यादेनंतर ते केवळ कापून ताणले जाते आणि पिसांचा पोत हरवतो.

कॅमेऱ्याविषयी सांगण्याआधी एक विनंती करतो. प्रवासाला अजून महिना आहे, तेव्हा आपल्या गॅलरीतून किंवा खिडकीतून दिसणारी एक जागा निवडा आणि रोज, शक्यतो वेगवेगळ्या वेळी, तिचे एकच छायाचित्र काढा. हे झाड मी गेली नऊ वर्षे स्वयंपाकघराच्या खिडकीतून टिपत आहे. पहिल्या वर्षी मला ते केवळ हिरवे दिसत असे. कोवळी पालवी उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिली की तांबूस काचेसारखी पारदर्शक दिसते, पावसानंतर खोड जवळजवळ काळे होते आणि ढगाळ दिवशी पानांच्या हिरव्या रंगातील छटा उन्हापेक्षा अधिक स्पष्ट दिसतात, हे समजायला दोन-तीन वर्षे गेली. नवा प्रदेश पाहायला जाणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. तेथे पोहोचल्यावर प्रकाश काय करतो आहे हे लगेच ओळखता यावे, यासाठीच घरचा हा सराव.

आपण सकाळी आणि सायंकाळी काढलेल्या चित्रांतील सोनेरी रंगाविषयीही विचारले होते. सूर्य क्षितिजालगत असताना त्याच्या किरणांना, तो थेट डोक्यावर असतानाच्या तुलनेत, जवळपास ३८ पट अधिक हवेतून यावे लागते. हवेतील रेणू निळा प्रकाश तांबड्या प्रकाशाच्या सुमारे चौपट विखुरतात, त्यामुळे एवढ्या लांबच्या वाटेत निळा भाग गळून जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा प्रकाश उरून येतो. सूर्य क्षितिजाच्या वर सुमारे ६ अंशांपर्यंत असतो तोवर हा रंग टिकतो. शिवाय प्रकाश आडवा येत असल्याने सालीवरील प्रत्येक खाच सावलीने उठून दिसते. भर दुपारी तीच साल सपाट दिसते. आपल्या कॅमेऱ्यात दोष आहे, असे समजून अनेकजण तेथेच निराश होतात, याचे मला वाईट वाटते.

ए-५०२ : खिडकीतून छायाचित्रे काढण्याची कल्पना मला फार भावली. गुडघ्यांमुळे माझे बाहेर जाणे आता जवळजवळ थांबले आहे.

सी-६०१ : आजी, मग आपल्याला हे सांगायलाच हवे. कॅमेऱ्याने काढलेले आणि आजवर टिकलेले सर्वांत जुने छायाचित्र हे खिडकीतून दिसणारे दृश्यच आहे. फ्रान्समधील नीसेफोर निएप्स यांनी १८२६ किंवा १८२७ मध्ये ल ग्रा येथील आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून ते काढले. कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्यांनी डांबराचा थर दिला होता आणि प्रकाश पुरेसा पडावा म्हणून कॅमेरा निदान आठ तास तसाच उघडा ठेवावा लागला असावा, असे मानतात. त्या अवधीत सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेल्यामुळे चित्रातील इमारतींच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसतात. संपूर्ण दिवस एका चित्रात साठला आहे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

दुसरे उदाहरण प्रागमधील योसेफ सुदेक यांचे आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. तरीही मोठे, जड कॅमेरे घेऊन ते आयुष्यभर छायाचित्रे काढत राहिले. १९४० पासून पुढे सुमारे चौदा वर्षे त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रे काढली. काचेवर साचलेले दव, गोठलेले बाष्प, ओघळणारे थेंब आणि त्यापलीकडे अंगणातील एक वेडेवाकडे झाड. माझ्या झाडाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, त्याचे धैर्य मला या छायाचित्रांनी दिले. आजी, पावसाळ्यात आपल्या काचेवर थेंब जमले की फोकस थेंबांवर ठेवून एक आणि पलीकडच्या झाडावर ठेवून एक, अशी दोन छायाचित्रे अवश्य काढून पाहा.

बी-१०३ : काका, माझा एक प्रश्न आहे. मी पौर्णिमेच्या चंद्राचे छायाचित्र गच्चीवरून पंधरा-वीस वेळा काढले, पण प्रत्येक वेळी काळ्या आकाशात एक पांढरा ठिपका एवढेच दिसते. नाइट मोड लावल्यावर तर तो आणखी वाईट आला.

सी-६०१ : तुझा प्रश्न योग्य आहे. आपल्या भोवती रात्र असली, तरी चंद्राच्या त्या भागावर भर दिवस आहे आणि तेथे सूर्याचे ऊन पडले आहे. कॅमेरा मात्र सर्वत्र अंधार पाहून अधिक प्रकाश आत घेतो आणि चंद्र जळल्यासारखा पांढरा होतो. त्यामुळे नाइट मोड बंद ठेव, पडद्यावर चंद्रावर बोट दाबून धर आणि उजेडाची पट्टी डाग दिसू लागेपर्यंत खाली ओढ. कॅमेरा वापरणाऱ्यांनी एफ/११ (लेन्समधील छिद्राचा आकार), आयएसओ १०० (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) आणि १/१२५ सेकंद (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) येथून सुरुवात करावी. तरीही तो लहानच दिसेल, कारण आकाशात चंद्राचा व्यास अवघा अर्धा अंश असतो. माझे मत विचारशील, तर पौर्णिमेच्या सायंकाळी चंद्र नुकताच उगवलेला असताना, आकाशात थोडा उजेड शिल्लक असतानाच, एखाद्या इमारतीच्या किंवा झाडाच्या सोबतीने त्याला टिपावे. तेव्हा चंद्र आणि जमीन दोन्हींचा उजेड जवळजवळ सारखा असतो आणि चित्राला ठिकाण मिळते.

ए-५०२ : गेल्या आठवड्यात सायंकाळी इंद्रधनुष्य दिसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तसाच ऊन-पाऊस झाला, म्हणून मी मोबाइल घेऊन तासभर खिडकीशी बसले, पण ते दिसलेच नाही.

सी-६०१ : आजी, त्या वेळी ते दिसणे शक्यच नव्हते. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, त्या बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांच्या वर्तुळावर दिसते. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर चढला, की हे संपूर्ण वर्तुळ क्षितिजाखाली जाते. म्हणून सकाळी ते पश्चिमेला शोधावे, सायंकाळी पूर्वेला, आणि दुपारी त्याची वाट पाहू नये. संपूर्ण कमान ८४ अंशांपर्यंत रुंद असू शकते. ती मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात मावत नाही, त्यासाठी अतिरुंद कोनाची लेन्स निवडावी लागते. आपली खिडकी पूर्वेकडे आहे, तेव्हा सायंकाळच्या पावसात आपल्यापेक्षा चांगली जागा सोसायटीत दुसऱ्या कोणाला नाही.

बी-३०४ : सर्व माहिती वाचून आनंद झाला, परंतु एक काळजीही मांडते. आमच्या खिडकीच्या छज्जावर एका पक्ष्याने घरटे केले आहे आणि ते समजल्यापासून मुले दिवसभर मोबाइल घेऊन तेथे वाकत आहेत. त्याचप्रमाणे आवारात खेळणाऱ्या मुलांची आणि काम करणाऱ्या माणसांची छायाचित्रे कोणी न विचारता काढून ग्रुपवर टाकू नयेत, असे मला वाटते.

सी-६०१ : ताई, आपण हे मांडले ते फार बरे केले. घरट्याविषयी मी माझ्याच चुकीमुळे शिकलो. छंदाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका झुडपातील घरट्याचे स्पष्ट छायाचित्र मिळावे, म्हणून मी समोरची एक पानांनी भरलेली फांदी बाजूला वळवून बांधली. छायाचित्र उत्तम आले. दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा घरटे रिकामे होते आणि अंड्यांची कवचे खाली पडली होती. ती पाने म्हणजे त्या घरट्याचे दार होते आणि शिकारी पक्ष्याला ते दार मीच उघडून दिले होते. ते छायाचित्र मी कोणालाही दाखवलेले नाही. मुलांना कृपया सांगावे, की खिडकी बंद ठेवून काचेआडून, फ्लॅश न वापरता, दिवसातून एकदाच पाहावे. आई-बाप घरट्याकडे परतायला कचरत असतील, तर आपण त्याच क्षणी मागे सरावे. पिल्ले उडून जाईपर्यंत घरट्याची जागा ग्रुपबाहेर कोणाला सांगू नये.

माणसांविषयीही मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे छायाचित्र काढले. रस्ता वर्दळीचा होता, पण चित्र उमटायला काही मिनिटे लागत असल्यामुळे चालती माणसे आणि गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी एक माणूस थांबून राहिला होता, तेवढा तो आणि त्याचे बूट पुसणारा असे दोघे दिसतात. छायाचित्रात आलेली बहुधा ही पहिली माणसे. त्यांना हे कधी समजले असेल, असे वाटत नाही, आणि त्यांची नावेही कोणाला माहीत नाहीत. तेव्हाचा प्रश्न वेगळा होता. आज आपल्याला विचारता येते, तेव्हा विचारावे. मी विचारतो, नकार आल्यास कॅमेरा खाली घेतो आणि होकार आल्यास छापील प्रत नेऊन देतो. मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकांना विचारल्यावाचून एकही छायाचित्र काढू नये, ही सूचना मी आपल्यासह ग्रुपपुढे ठेवतो.

सचिव : ही सूचना सर्वांना मान्य असल्यास तिची नोंद ग्रुपच्या माहितीत करून ठेवतो. काका, ग्रुपवर आलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली की धूसर दिसतात. त्यातील निवडक छायाचित्रे प्रवेशद्वारापाशी लावावीत, असे मनात होते.

सी-६०१ : ग्रुपवर छायाचित्र पाठवताना त्याचा आकार कमी केला जातो, त्यामुळे ते छपाईला उपयोगी पडत नाही. ते दस्तऐवज म्हणून जोडून पाठवल्यास मूळ स्वरूपात पोहोचते. मात्र मूळ फाइलमध्ये छायाचित्र कोठे काढले याची नोंदही दडलेली असू शकते, हे लक्षात ठेवून अनोळखी ठिकाणी तशी फाइल पाठवू नये.

ए-२०४ च्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. दादा, महिनाभर रोज छायाचित्रे काढल्यावर आपल्याला नेमके काय कमी पडते, हे आपणच ठरवू शकाल. दूरचे पक्षी हवे असतील, तर लांब फोकल लेंथची लेन्स घ्यावी. अंधाऱ्या जागी चित्रे हलत असतील, तर कदाचित एक तिवई पुरेशी ठरेल. कॅमेरा घेतलाच, तर निदान पंधरा दिवस आधी घ्यावा, म्हणजे बटणे शोधण्यात सूर्योदय निघून जाणार नाही. डोंगरावर थंडी असेल, तर बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगातील आतल्या खिशात ठेवावी. थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा पिशवीत बंदच राहू द्यावा आणि त्याचे तापमान खोलीइतके झाल्यावरच बाहेर काढावा, नाहीतर काचेवर आतून-बाहेरून बाष्प धरते. परतल्यावर छायाचित्रांच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यातील एक प्रत घराबाहेर असावी. एका बिघडलेल्या डिस्कबरोबर माझी दोन वर्षांची छायाचित्रे गेली आहेत, त्यात या झाडाची एक संपूर्ण पानगळ होती.

ए-२०४ (दहा दिवसांनंतर) : काका, आमच्या गॅलरीतून तुमचे तेच झाड दिसते, पण दुसऱ्या मजल्यावरून शेंडा दिसत नाही, खोड आणि कुंपणाची भिंत दिसते. सोबत दहा दिवसांची दहा छायाचित्रे पाठवत आहे. पहिल्या पाच दिवसांत मला काहीच फरक जाणवला नाही. सहाव्या दिवशी सकाळी भिंतीवर फांद्यांची सावली पडलेली प्रथमच दिसली. सातव्या दिवशी ती थोडी आधी पाहायला गेलो, तर ती अजून भिंतीच्या वरच्या कडेलाच होती. कॅमेरा अजून घेतलेला नाही. आठव्या छायाचित्रात खोडाची डावी कड उजळ रेषेसारखी दिसते, ती सूर्य मागून आल्यामुळे का?

सी-६०१ : होय, सूर्य खोडाच्या मागे थोडा डावीकडे आहे, म्हणून ती रेषा उमटली. ती आणखी उठून दिसावी, यासाठी उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा, म्हणजे खोड गडद होईल. सहाव्या छायाचित्रातील सावली मी नऊ वर्षांत पाहिलेली नाही, कारण माझ्या खिडकीतून ती भिंतच दिसत नाही. आपली हरकत नसेल, तर उद्या सकाळी साडेसहाला मी आपल्या गॅलरीत येतो.

ए-२०४ : अवश्य या. सव्वासहालाच या, सावली वरून खाली सरकताना पाहता येईल.