क्रेझी रिच एशियन्समधली डायव्हर्सिटी कशी तपासायची?

रानवारा:
मंडळी मदत हवीय. मास कॉमच्या असाइनमेंटसाठी परदेशात घडणारा एक सिनेमा घेऊन त्यातली डायव्हर्सिटी आणि रिप्रेझेंटेशन तपासायचंय, मी क्रेझी रिच एशियन्स (२०१८) घेतला, ज्यात अमेरिकेत वाढलेली चिनी वंशाची रेचेल प्रियकर निकबरोबर सिंगापूरला त्याच्या अतिश्रीमंत चिनी घराण्याकडे जाते. ग्रुपमध्ये वाद चाललाय, बाकीचे म्हणतात जवळपास अख्खी कास्ट आशियाई वंशाची आहे, अजून काय पाहिजे. मला मात्र बघताना सारखं वाटत होतं की सिंगापूरमधली बाकीची माणसं गेली कुठे? पण नुसतं 'वाटलं' असं लिहून चालणार नाही ना. नेमकं काय काय बघायचं?

सिंगापूरकर:
मी इथेच राहतो, तुझं वाटणं अगदी बरोबर आहे. २०२० च्या जनगणनेत इथले रहिवासी चिनी ७४.३ टक्के, मलय १३.५ आणि भारतीय ९ टक्के, म्हणजे साधारण चारातला एक जण चिनी नाही. राष्ट्रगीत मलय भाषेत आहे, चार अधिकृत भाषांमध्ये तमिळ आहे. आता सिनेमात भारतीय चेहरे आठवून बघ. निकच्या आजीच्या बंगल्याच्या गेटवर बंदुका घेतलेले पहारेकरी आठवतात, त्यांना बघून गाडीतल्या रेचेल आणि तिची मैत्रीण घाबरतात, आणि पुढे लक्षात राहील असं माणूस कोणीच नाही. लग्नाला एक मलय राजकन्या येते, ती भूमिका फिलिपिन्सच्या क्रिस अकिनोने केलीय. न्यूटनच्या फूड सेंटरला सगळे मस्त जेवतात, साते (काडीवर भाजलेलं मांस) वगैरे, पण ते खाणं इथे ज्यांचं मानलं जातं त्या मलय लोकांपैकी एकाचीही गोष्ट नाही. आणि तो आजीचा बंगला सिंगापुरात नाहीच, शूटिंग क्वालालंपूरच्या कारकोसा सेरी नेगारामध्ये झालंय. मलेशियातलं घर घेतलं पण मलय माणूस घेतला नाही, हे मला खरंच लागलं.

मॅटिनी_शो:
थोडं दुसऱ्या बाजूनेही बघा की. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओने आजच्या काळातली गोष्ट घेऊन बहुतेक सगळे आशियाई वंशाचे कलाकार उभे करणं हे १९९३ च्या द जॉय लक क्लबनंतर २५ वर्षांनी घडलं. मूळ कादंबरीचे लेखक केविन क्वान यांना एका निर्मात्याने नायिका गोरी करा असं सुचवलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही. नेटफ्लिक्सचे जास्त पैसे सोडून थिएटरचा रस्ता धरला, कारण मोठ्या पडद्यावर दिसणं महत्त्वाचं होतं. निक झालेल्या हेन्री गोल्डिंगची आई मलेशियाच्या सारावाकमधल्या इबान समाजाची आणि वडील इंग्रज, तर तो 'पुरेसा आशियाई' नाही म्हणून पण लोक बोलले. एका चिनी घराण्याची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाकडून सगळ्या देशाचा हिशोब मागणं मला पटत नाही.

कट_टू:
तुम्हा दोघांचंही खरं आहे, कारण अमेरिकेत चिनी वंशाचे लोक अल्पसंख्य आणि सिंगापुरात बहुसंख्य, त्यामुळे तोच सिनेमा एकीकडे जागा मिळवतो आणि दुसरीकडे जागा अडवतो. रानवारा, रिपोर्टमध्ये या दोन बाजू वेगळ्या ठेव, एकच मार्क देऊ नकोस. आणि चेहरे मोजत बसू नकोस. सीनप्रमाणे तक्ता कर: पात्राला नाव आहे का, बोलतं का, कोणाशी बोलतं, काम काय करतं, आणि त्याला काढून टाकलं तर गोष्ट बदलते का. गेटवरचे पहारेकरी काढले तर काही बदलत नाही, हे असं दाखवलंस की तुझं 'वाटलं' पुराव्यासकट उभं राहतं. वर्गही बघ, तिथले जवळपास ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने (एचडीबी) बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतात, सिनेमाचा कॅमेरा त्यातल्या किती घरांत शिरतो?

बायकांसाठी बेक्डेल टेस्ट लावशील तर जपून. दोन बायका पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलतात का एवढंच ती विचारते. शेवटाकडचा माहजाँगचा (सोंगट्यांचा चिनी खेळ) सीन घे, रेचेल आणि निकची आई एलेनॉर मुख्यतः निकबद्दल बोलतात, म्हणजे त्या बोलण्याला टेस्ट नाही म्हणेल, पण निकची लग्नाची मागणी नाकारायची हा अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मोठा निर्णय एक बाई स्वतः घेते आणि दुसरीला तो तिथे कळतो, निक तिथे हजरसुद्धा नाही. असं कुठल्या टेस्टमध्ये बसत नाही, ते लिहावंच लागतं.

सिंगापूरकर:
तक्ता छान आहे. त्यात भाषेचा एक कॉलम टाक प्लीज. मँडरिन, कँटोनीज, होक्कियन या चिनी भाषा कोण कधी बोलतं, ब्रिटिश किंवा अमेरिकन इंग्रजी कोणाला दिलंय, आणि इथे सगळ्या वंशाचे लोक रोज बोलतात ती सिंग्लिश (मलय, चिनी शब्द मिसळलेली इथली इंग्रजी) कोणाच्या तोंडी येते, आली तर ती हसवायला ठेवलीय की साध्या बोलण्यात.