मदत हवी आहे : मुळाक्षरांच्या चित्रफितीत उच्चारापूर्वी किती थांबावे?

१९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालकार्यक्रमासाठी रंगभूमीवर गाजलेले नट जेम्स अर्ल जोन्स यांनी इंग्रजी मुळाक्षरे अतिशय सावकाश म्हटली होती; अक्षर आधी पडद्यावर उमटे, मग उच्चार होई, आणि पुन्हापुन्हा पाहणारी मुले त्यांच्याआधीच अक्षर ओळखू लागत. त्याच धर्तीवर सांगलीतील आमच्या बालवाडीसाठी येथील एका ज्येष्ठ नाट्यकलावंतांच्या आवाजात (नाट्यपंढरीत खणखणीत आवाजांना तोटा नाही) ‘क’ ते ‘ज्ञ’ ध्वनिमुद्रित केले आहे. अक्षर व उच्चार एकाच वेळी दिल्यास मुले पडद्याकडे न पाहता घोकतात. अक्षरांचा क्रम बदलला की गप्प बसतात. मुले ४-५ वर्षांची असून वर्गात इंटरनेट नाही, पेनड्राइव्हवरूनच दाखवावे लागते. अक्षर दिसल्यानंतर उच्चारापूर्वी साधारण किती सेकंद थांबावे, आणि ‘घ-ध’, ‘भ-म’ अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या लागोपाठ घ्याव्यात की दूर ठेवाव्यात?