सिगारेट सोडायची, तर सोबतचा कपही सोडायचा का?

दूरचा_प्रवासी:
सिगारेट सोडणाऱ्याला सगळे सांगतात, पाकीट फेकून दे. कपाचं नाव कुणी काढत नाही. एका हातात कॉफी आली की दुसरा हात आपसूक खिसा चाचपतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिला महिना चहा, कॉफी, दारू, तिन्ही बंद. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या २००७ सालच्या अभ्यासात ओढणाऱ्यांनीच सांगितलं होतं की दारू, कॉफी आणि मांसाहारासोबत सिगारेट जास्त चांगली लागते. दूध, पाणी, फळं, भाज्या यांनी तिची चव बिघडते. तलफ आली की ग्लासभर दूध प्या.

कातरवेळ:
साफ असहमत. निकोटिन बंद केल्यावर माणूस आधीच चिडचिडा झालेला असतो. त्यात कॅफिनही एकदम तोडलंत तर डोकं ठणकणार, अंग गळून जाणार, आणि हे नेमकं कशामुळे होतंय तेच कळणार नाही. तो नवं पाकीट घेऊन मोकळा होईल. आणि त्या अभ्यासात लोकांनी चव सांगितली होती. दूध पिऊन कुणाची सिगारेट सुटली, असं त्यात कुठे आहे?

गोळीवाला:
एकदम बंद नको, पण नेहमीइतकी कॉफी चालू ठेवणंही धोक्याचं. धुरातल्या डांबरामधली काही रसायनं यकृतातल्या सीवायपी१ए२ या एन्झाइमला जोर देतात. हेच एन्झाइम कॅफिनचा निचरा करतं. म्हणून ओढणाऱ्याला कपामागून कप रिचवूनही काही होत नाही. सिगारेट थांबली की काही दिवसांत एन्झाइमचा वेग उतरतो. कप तेवढेच, रक्तातलं कॅफिन मात्र जवळपास दुप्पट! मग छातीत धडधड, हाताला कंप, रात्रभर टक्क जाग. लोक म्हणतात, 'सिगारेट सोडली म्हणून त्रास होतोय.' तो त्रास बऱ्याचदा कॉफीचा असतो. कॉफी निम्म्यावर आणा. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे निकोटिनचा च्युइंगम चघळत असलात तरी हाच नियम. आणि च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा कोला घेऊ नका. आम्लामुळे निकोटिन तोंडात नीट शोषलंच जात नाही.

दूरचा_प्रवासी:
निम्म्यावर आणा म्हणणं सोपं आहे. चारातले दोन कप ठेवायचे झाले तर माणूस कुठले ठेवेल? ज्यांच्यासोबत सिगारेट असायची तेच!

कातरवेळ:
मग जागा बदला. गॅलरीत प्यायचात तो कप आता कामाच्या टेबलावर प्या, आणि गॅलरीचं दार लावून घ्या. दारूबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. दोन पेग पोटात गेले की निश्चय गळालाच. शिवाय दारू आणि धूर एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

आळशी_कासव:
जेवणानंतरच्या सिगारेटबद्दल कुणीच बोलेना! जेवण तर सोडता येत नाही. ताटावरून उठल्या उठल्या दात घासा. टूथपेस्टच्या चवीवर झुरका घेऊन बघा एकदा, कळेल.

रातकिडा:
माझी रात्रपाळी. निम्मी कॉफी काढायची तर कुठली?

गोळीवाला:
पाळी संपत येतानाची. सिगारेट न ओढणाऱ्याच्या रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. शेवटचा कप झोपायच्या सात-आठ तास आधी.

दूरचा_प्रवासी:
माझं अजूनही तेच म्हणणं, महिनाभर दूध.

कातरवेळ:
दूध पचत नसलेल्यांनी काय करायचं, तेही सांगा.